बंपरचं दुसरं टोक

गाडीचा बंपर एकट्या माणसाला नीट धरता येत नाही. वजन फार नसतं, हल्ली सगळे फायबरचेच असतात. पण तो लांब असतो आणि मधून लवतो. एक टोक उचललं की दुसरं जमिनीला टेकतं आणि जिथे ओरखडा नव्हता तिथे नवा पडतो. म्हणून या कामाला दोन माणसं लागतात. आमच्या अंगणात या टोकाला मी असायची आणि त्या टोकाला माझी धाकटी जाऊ विमल. आता त्या टोकाला मी अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीवरून सोडलेली दोरी बांधते. दोरी धरते चांगली, पण बोलत नाही.

दिवाळी अंकासाठी लिहा असं सांगायला एक बाई आल्या, तेव्हा मी म्हटलं, माझी शाळा चौथीपर्यंत आणि काम गाड्या रंगवायचं, त्यात छापण्यासारखं काय आहे? त्या म्हणाल्या, करता तेच लिहा. म्हणून लिहिते. लेखात सजावट मिळणार नाही.

धुळ्याला देवपुरात आमचं घर. आग्रा रोडवर दोघा भावांचं गॅरेज होतं. माझे मालक थोरले, ते पत्रा ठोकून सरळ करायचे. धाकटे म्हणजे विमलचा नवरा, ते रंग मारायचे. आम्ही जावा जेवणाचे डबे घेऊन जायचो. पुरुषांना घासाईचा कंटाळा. रंग मारण्याआधी जुना रंग पाण्याच्या कागदाने, म्हणजे ओला करून वापरायच्या खरखरीत कागदाने, घासून गुळगुळीत करावा लागतो, त्याला घासाई म्हणतात. काम दिवसभराचं आणि त्यात दाखवण्यासारखं काही नाही. ते काम हळूहळू आमच्याकडे आलं. डबा ठेवायचा, पदर खोचायचा, घासायला बसायचं. दीर रंग कसा कालवतात ते विमल बघत राहायची. विचारायची नाही, नुसती बघायची.

पुढे दीर छातीच्या दुखण्याने गेले. काही वर्षांनी माझे मालकही गेले. शेडच्या मालकाला जागा हवी होती. आम्ही दोघींनी हवेची टाकी आणि रंगाची गन हातगाडीवर घालून घरी आणली. लोकांना वाटलं, भंगारात घालायला चाललोय. अंगणात अख्खी गाडी मावत नव्हती. बंपर मावत होता. तो चार स्क्रू काढले की निघतो आणि स्कूटरवर मागे आडवा धरून आणता येतो. म्हणून आम्ही बंपरच करायचं ठरवलं. त्यात थोर विचार काही नव्हता, जागेचा हिशोब होता.

काम सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आधी साबणाने धुवायचं. मग ओरखडा घासून त्याच्या कडा बोथट करायच्या. खोल असेल तर लांबी भरायची. लांबी म्हणजे खळगा भरायचा लगदा, दगडासारखा वाळतो. तो घासून सपाट केला की वर प्रायमर, मग रंग, मग चमक येण्यासाठी क्लिअर. प्रत्येक थर वाळू द्यायचा आणि मध्ये मध्ये घासायचं. खरं काम घासाईचंच. रंग हा शेवटचा, थोड्या वेळाचा. लोक मात्र त्यालाच काम समजतात.

खानदेशात या कामाला हवा साथ देत नाही. उन्हाळ्यात रंग गनमधून निघून बंपरला चिकटेपर्यंत वाटेतच वाळतो आणि खरखरीत बसतो. पावसाळ्यात क्लिअर दुधासारखं पांढुरकं होतं. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या वाहू लागल्या की हवेत तंतू उडतात आणि ओल्या रंगावर येऊन बसतात. म्हणून गन पहाटे हातात घ्यायची, वारा उठायच्या आत. आधी अंगणात सडा टाकायचा, धूळ बसावी म्हणून. शेजारणींना वाटायचं, या बायका देवभोळ्या आहेत, रोज एवढा मोठा सडा घालतात.

आणि त्या दिवशी घरात फोडणी नाही. तेलाचा धूर नुसता अंगणात आला तरी रंगाला खड्डे पडतात. तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पळतात तसा रंग तेलापासून पळतो. आम्ही त्या दिवशी केसांना तेल लावत नव्हतो. हा नियम गॅरेजच्या काळापासूनचा. मालक हयात होते तेव्हा म्हणायचे, "सोमवारचा उपास देवाचा, हा रंगाचा." जेवणाला ताक आणि भाकर.

एकदा चूक झाली ती वेगळीच. उन्हाळ्याचे दिवस, समोरच्या सुशीलाबाईंनी ज्वारीचे बिबडे वाळत घातले होते. पापडासारखेच, पण ज्वारीचे. खाटेवर, धोतराच्या पानावर, ओळीने. आम्हाला वाटलं वारा पडलेला आहे. मी गन चालवली आणि झुळूक उठली. चंदेरी रंग होता. सुशीलाबाई बाहेर आल्या आणि बघतच राहिल्या.

"अक्का, हे काय झालं वं? माझ्या बिबड्यांना वर्ख लागला!"

विमल लगेच म्हणाली, "काकू, लग्नात वाढा. लोक म्हणतील मिठाई शे."

सुशीलाबाई चार दिवस बोलल्या नाहीत. आम्ही त्यांना बिबड्यांचा नवा घाणा घालून दिला तेव्हा बोलल्या. ते पीठ रात्रभर भिजवणं, शिजवून घाटणं, थापणं बंपर घासण्यापेक्षा अवघड आहे, हे तेव्हा कळलं.

गिऱ्हाईक येतं ते आधी खोटं बोलतं. "गाडी उभी होती, कुणीतरी ठोकून गेलं," हे सगळे म्हणतात. मी कधी वाद घालत नाही. बंपर बघितला की कळतं. भिंतीला लागला असेल तर ओरखड्यात चुना असतो. गेटला लागला असेल तर गंज. दुसऱ्या गाडीला लागला तर तिचा रंग. ओरखडा सुरू होतो तिथे बारीक असतो, मग खोल जातो, मग एकदम संपतो. त्यावरून गाडी पुढे जात होती की मागे येत होती तेही सांगता येतं.

धरणगावच्या बाजूचे एक शेतकरी आले. म्हणाले, "बैलाने शिंग मारलं." मी ओरखड्यात बोट फिरवलं तर निळा रंग. मनात म्हटलं, आबा, बैल निळा असतो का? कुठल्या तरी निळ्या टेम्पोला घासली आहे आणि नाव बैलाचं. मी तोंड वाकडं केलं. विमलने तिकडून बंपर बघितला आणि त्यांना विचारलं, "आबा, पोळ्याला शिंगं निळी रंगवली होती का?"

ते म्हणाले, "हो ना. नातू म्हणाला निळाच पाहिजे."

पोळा होऊन आठवडाही झाला नव्हता. ऑइलपेंट शिंगावर पुरता वाळलाही नसेल. मला हे सुचलं नाही, तिला सुचलं. ते गेल्यावर ती मला म्हणाली, "अक्का, तुले बठ्ठा जग खोटंच दिसस." आम्ही दोघी एकमेकींशी अहिराणीच बोलतो, इथे लिहिताना मी ती थोडी सोपी केली आहे. सगळं जग तुला खोटंच दिसतं, असं ती म्हणाली. खरंच म्हणाली.

रंग जुळवणं तिचंच काम. गाडीवर रंगाचा नंबर लिहिलेला असतो, पण तो नव्या गाडीचा. आमच्या उन्हात चार वर्षं उभी राहिलेली गाडी त्या नंबरची राहत नाही. पांढरा सगळ्यात कठीण. लोकांना वाटतं पांढरा तो पांढरा. विमल म्हणायची, एक ज्वारीच्या पिठाचा पांढरा असतो, एक उडीद मिसळलेल्या कळण्याचा, एक धुतलेल्या धोतराचा, एक चुन्याचा. काडीच्या टोकावर पिवळा घ्यायची, काळ्याचा एक थेंब, ढवळायची, डब्याच्या झाकणावर ओढायची, लिंबाखाली जाऊन बघायची, मग उन्हात येऊन बघायची. मी म्हणायची, झालं का? ती म्हणायची, "थांब, अजून कोरडा शे." म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही. पण ती "आते झाला" म्हणाली की तो झालेला असायचा.

आणि शेवटचा हातही तिचाच. सगळं घासून पुसून झालं, गन भरली, की ती डोळे मिटून बंपरवरून तळहात फिरवायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दुसऱ्या कुठल्या रंगाऱ्याने हे बघितलं तर ओरडेल, कारण पुसल्यावर हात लावायचा नसतो. पण वर्षानुवर्षं पाण्याच्या कागदाने तिचे तळहात इतके कोरडे झाले होते की त्यातून काही निघत नव्हतं. हाताला काही लागलं तर ती बोट ठेवायची, "इथं," आणि मी तिथे पुन्हा घासायची. हात फिरवून झाला की म्हणायची, "चालू दे." मग मी गन चालवायची.

तिचा मुलगा प्रवीण जळगावला कारखान्यात लागला. घर बांधलं, लग्न झालं, मुलगी झाली, सून नोकरीवाली. तो आईला घेऊन गेला. त्यात चूक काही नाही. नात सांभाळायला माणूस हवं होतं, आणि विमलच्या छातीचं दुखणं तेव्हा सुरू झालेलं होतं. डॉक्टर म्हणाले, थिनरचा वास बंद. प्रवीणने बाप याच दुखण्याने जाताना पाहिलेला. आम्ही तोंडाला ओला फडका बांधून गन चालवत होतो, तेवढ्याने काय अडतं? तो आईला म्हणाला, "पुष्कळ झालं काम." मीही म्हटलं, "जा." तिने लुगड्याची पिशवी भरली आणि गेली. घासायचे कागद मात्र थोडे पिशवीत घातले. मी विचारलं, "जळगावला काय घासणार?" म्हणाली, "तवा."

जळगाव लांब नाही. बस सुटते. पण बस सुटते म्हणून माणूस जातं असं नाही. तिला नात सोडता येत नव्हती, मला कामं सोडता येत नव्हती. फोनवर बोलायचो. फोनवर ती नातीचंच बोलायची आणि मी गिऱ्हाइकांचं. तिची आठवण येते असं मी कुणाला सांगत नव्हते. हात कमी पडतो, एवढंच म्हणायची. पांढऱ्या गाड्या घ्यायच्या मी बंद केल्या.

या वर्षी चैत्रात एका सकाळी दारात गाडी थांबली. पांढरी. प्रवीण उतरला आणि मागच्या दारातून विमल. अंगाने भरली होती, चालताना मध्येच थांबत होती. मला बघून म्हणाली, "लिंब छाटलास का वं?" मी म्हटलं, "छाटला." एवढंच आमचं भेटणं.

प्रवीण म्हणाला, "मोठी आई, बंपर घासला गेलाय. उजवा कोपरा. आई म्हणते गेटपाशी दूधवाल्याची रिक्षा लागली असेल. कंपनीत नेला तर ते अख्खा बदला म्हणतील. आई म्हणाली, अक्काकडेच ने."

मी खाली बसून बघितलं. बघितल्याबरोबर कळलं. रिक्षा लागली तर ओरखडा उंच भागावर पडतो. बंपरवर जिथे आत वळलेली खाच असते तिथे रिक्षा शिरत नाही, भिंत शिरत नाही, काहीच शिरत नाही. इथे खाचेतही ओरखडे होते. तिथे फक्त माणसाचं बोट शिरतं. आणि सगळे ओरखडे एकसारखे, मागे-पुढे, मागे-पुढे, ऐंशी नंबरच्या जाड, खरखरीत कागदाचे. वर बंपरची जी घडी असते, जिच्यापाशी नवा रंग तोडला तर सांधा दिसत नाही, त्या घडीच्या अलीकडे ओरखडा बरोबर थांबला होता. रंगवणाऱ्याची सोय बघून गाडी खरवडलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

विमल लिंबाकडे बघत होती.

प्रवीणची बायको आणि मुलगी शिरपूरला तिच्या माहेरी गेल्या होत्या. बंपर काढून ठेवला, गाडी तशीच घेऊन तो शिरपूरला निघाला. "उद्या संध्याकाळी येतो," म्हणाला. "आई, थिनरजवळ जायचं नाही. नुसतं बस."

"नुसतीच बसते," ती म्हणाली.

गाडी वळल्यावर मी म्हटलं, "विमल, रिक्षा चांगली शिकलेली दिसते. खाचेत घासून गेली."

ती म्हणाली, "ऐंशी नंबरचा एकच तुकडा उरेल व्हता माझ्याकडे."

"पोराची नवी गाडी खरवडलीस?"

"मंग काय घरचा तवा खरवडू? तवा घेऊन कुणी धुळ्याला येत नही."

मी हसले. ती हसायला लागली ते खोकल्यापर्यंत गेली. मी पाणी दिलं. मग पदर खोचून आम्ही त्या दोन टोकांना बसलो.

तो दिवस चांगला गेला. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मी या टोकाने घासत होते, ती त्या टोकाने. पाण्याचा तांब्या मध्ये. सुशीलाबाई दोनदा येऊन गेल्या. कुणाचं लग्न जमलं, कुणाची म्हैस मेली, हे बोलणं झालं. विमलचा हात पहिल्यांदा अडखळला, मग चालू लागला. दुपारी लांबी भरली, ती वाळेपर्यंत दोघी ओट्यावर आडव्या झालो. तिच्या छातीत शिट्टी वाजत होती. तिला वाटत होतं मी झोपले आहे. मी ऐकत होते. संध्याकाळी प्रायमर मी एकटीने मारला, तिला घरात बसवून.

दुसऱ्या दिवशी पहाटे सडा टाकला. तिने पांढरा जुळवला. थिनर घालायच्या आधीच जुळव, असं मी म्हटलं, आणि ती लिंबाखाली आणि उन्हात अशी झाकण घेऊन फिरत राहिली. "अजून कोरडा शे," म्हणाली. मग म्हणाली, "आते झाला." मी बंपर शेवटचा पुसला. तिने डोळे मिटले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवला.

"चालू दे."

तिला घरात पाठवलं आणि गन चालवली. पहिला हात बसतो न बसतो तोच रंग पळायला लागला. ठिकठिकाणी गोल गोल खड्डे. आणि ते कुठेही पसरलेले नव्हते. पट्ट्याने होते. चार बोटांच्या रुंदीचा पट्टा, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी गन खाली ठेवली. ती दारात आली. तिने पट्टा बघितला, मग स्वतःचे हात बघितले. वास घेतला.

"सून क्रीम आणस," ती म्हणाली. "हात फुटतात म्हणून. आंघोळ झाली की लावस मी. सवय लागली. आज पण लावलं." मग म्हणाली, "मी मुद्दाम नही करं वं अक्का. आईशप्पथ. ते खरवडलं ते मुद्दाम. हे नही."

मला माहीत होतं. मुद्दाम केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. आणखी एक दिवस राहायचं म्हणून तिने केलं असतं तर मी हसले असते. मी तिचे हात हातात घेऊन बघितले. मऊ होते. कुठेही चीर नव्हती. नखांच्या कडेला रंग नव्हता. चांगल्या घरातल्या सुखी बाईचे हात होते. सुनेने प्रेमाने क्रीम आणलं, त्यात कुणाला काय बोलणार?

"चल, घास," मी म्हटलं. "बसून राहिलो तर रंग वाळेल."

तो सगळा थर आम्ही घासून उतरवला. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही, पण कागद इतका दाबून फिरवत होती की मला सांगावं लागलं, प्रायमर फुटेल.

संध्याकाळी प्रवीण आला. बंपर पुन्हा प्रायमरचा करडा बघून थबकला. विमल आत भाकरी टाकत होती. मी त्याला ओट्यावर बसवलं आणि सरळ सांगितलं, कारण मला वळसे घालता येत नाहीत.

"तुझी गाडी रिक्षाने खरवडलेली नाही. तुझ्या आईने खरवडली."

तो म्हणाला, "माहिती आहे, मोठी आई. घराला कॅमेरा आहे."

मीही त्याच्या शेजारी टेकले.

"त्या दिवशी दुपारी कारखान्यात मोबाइलवर बघत होतो. आधी तिने ती जागा साबणाने धुतली. फडक्याने कोरडी केली. चष्मा आणला. मग घासलं. मग लांब जाऊन डोळे बारीक करून बघितलं, आणि परत येऊन जरासं आणखी घासलं." तो हसला, पण नीट नाही. "मग मला फोन करून सांगितलं, दूधवाल्याने घासली."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? आई, तुला धुळ्याला जायचंय का, असं विचारलं असतं तर नाही म्हणाली असती. पोरीला कोण बघेल, म्हणाली असती. म्हणून आणली."

मग त्याने आवाज खाली केला. "पण मोठी आई, तिच्या छातीतली शिट्टी ऐकलीस का तू?"

"ऐकली."

"बाबांचीही अशीच वाजायची. मी तिला यासाठी येऊ देत नाही. लोक काय म्हणतील म्हणून नाही."

मी हो म्हटलं. माझ्या दिराचं दुखणं मी पाहिलेलं आहे. मला माणूस हवं होतं, आणि त्या माणसाला हवा हवी होती. या दोन गोष्टी एका अंगणात बसत नाहीत, हे मला कळतं. चौथी पास असले तरी कळतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी तिला सांगितलं, "तू पलीकडे बस. सुशीलाबाईंच्या ओट्यावर. वारा तिकडून इकडे आहे."

"मंग शेवटचा हात?"

"मी फिरवते."

रस्ता ओलांडून जाऊन बसली, लेकासोबत. मी राखेने हात धुतले, वाळवले, डोळे मिटले आणि बंपरवरून तळहात फिरवला. पलीकडून ती म्हणाली, "काही लागस का?"

"नाही."

"नीट बघ. उजव्या खाचेत."

पुन्हा फिरवला. खाचेत काहीतरी कणभर होतं. ते तिला रस्त्यापलीकडून कसं माहीत, ते मी विचारलं नाही. घासलं, पुसलं, तोंडाला फडका बांधला आणि गन चालवली. फडक्यामुळे मी बोलू शकत नव्हते. ती मात्र बोलत होती, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्याने.

"हात खाले! खाले! एवढा दूर नही! थांबू नको तिथं, ओघळ उतरेल! अक्का, खालची कड ऱ्हायनी!"

लोक दारात आले. सुशीलाबाई हसत होत्या. प्रवीण तिला म्हणत होता, "आई, हळू, खोकला येईल." ती ऐकत नव्हती. मी एक हात मारला, दुसरा मारला, क्लिअर मारलं. बंपर काचेसारखा झाला. एक खड्डा नाही, एक कण नाही. इतका चांगला बंपर मी एकटीने कधी केलेला नाही. आणि एकटीने केलाही नव्हता.

दुपारनंतर बंपर बसवला. प्रवीणने कोपऱ्यावर बोट फिरवलं. कुठे होतं ते त्याला सापडेना. आमच्या कामाचं हे असंच असतं. चांगलं झालं तर कुणी तिथे हात लावला होता हेच उरत नाही.

विमल गाडीत बसली. मी खिडकीपाशी गेले आणि प्रवीणला म्हटलं, "हे बघ. थिनर, गन, क्लिअर, यात तिला घेणार नाही. देवाशप्पथ नाही. पण घासाई पाण्याची असते. त्यात ना धूळ ना वास. त्याला छाती लागत नाही, कंबर लागते. कंबर तिची चांगली आहे. महिन्यातून एकदा बसने पाठव. घासाई करून परत पाठवते. गाडी खरवडायची गरज नाही."

विमल समोर बघत होती. एकदम म्हणाली, "कंबर तुझ्यापेक्षा बरी शे."

प्रवीणने गाडी चालू केली. आरसा नीट केला. मग म्हणाला, "बघू, मोठी आई."

आमच्याकडे 'बघू' म्हणणारा माणूस नाही म्हणत नाही आणि हो पण म्हणत नाही. गाडी वळली. मी आत येऊन गन धुतली.

तेव्हापासून बंपर आले की मी घेते. धुते, लांबी भरते, वाळवते आणि भिंतीला टेकवून ठेवते. घासाई करत नाही. सध्या भिंतीला तीन आहेत, त्यात एक पांढराही आहे. गिऱ्हाइकं फोन करतात. रावेरचा केळीवाला तर रोज ओरडतो, अक्का, एवढे दिवस काय वाळतंय? मी सांगते, लांबी ओली आहे.